लाकडी बैल अंगणवाडीत येऊ द्या

शेतकरी बंधूंनो, तान्ह्या पोळ्याला सक्करदरा असो की तुमचं गाव, पोट्टे लाकडी बैल सजवून निघतात. "माहा सर्जा थकला, त्याले पानी पाजा," असं पोरगं म्हणतं. ही त्याची स्वतःची गोष्ट. 'त्याले' नव्हे 'त्याला', असं टोकलं की ते गप्प होतं, अन् पुढे शाळेतही गप्पच राहतं.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, ते मुलांच्या खेळण्या-बोलण्याला मान देऊनच. सेविकाताईंनी अशी गोष्ट मुलाच्याच शब्दांत लिहून घ्यावी, सर्वांना वाचून दाखवावी. मग कुणी बैल व्हावं, कुणी धनी, कुणी पाऊस.

सरपंचांनो, अंगणवाडीत गेल्यावर नुसते आकडे म्हणवून घेऊ नका. "आज काय खेळलास?" विचारा, अन् पुरतं ऐका.