नालकुंतल : विजेने उघडणारा दरवाजा

विद्युतरोधक लेप दिलेली तांब्याची तार एखाद्या पोकळ नळीवर शेजारी शेजारी वेढे देत गुंडाळली आणि तिच्यातून वीज सोडली, की ती नळी लोहचुंबकासारखी वागू लागते. वीज बंद करताच हा गुण नाहीसा होतो. अशा वेटोळ्याला नालकुंतल म्हणतात. एका वेढ्याचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असते. परंतु नळीच्या पोकळीत सर्व वेढ्यांची क्षेत्रे एकाच दिशेने येतात आणि त्यांची बेरीज होते. दर सेंटिमीटरला १० वेढे असलेल्या लांब नालकुंतलातून १ अँपिअर प्रवाह गेला, तर आतील क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीसपट भरते.

नळीच्या तोंडाशी नरम लोखंडाचा दट्ट्या धरला तर तो आत खेचला जातो. प्रवाहाची दिशा उलटली तरी तो आतच खेचला जातो, म्हणून त्याला परत आणण्याचे काम स्प्रिंगकडे सोपवावे लागते. दट्ट्याला झडप जोडली, की विजेने उघडणारा आणि वीज गेली की आपोआप मिटणारा दरवाजा तयार झाला. दट्ट्या कठीण पोलादाचा असता, तर वीज गेल्यावरही त्यात चुंबकत्व शिल्लक राहून झडप अडकण्याची भीती असती.

वेढे वाढवले की ओढ वाढेल, असे सहज वाटते. विद्युतदाब ठरलेला असेल तर तसे होत नाही. वेढे दुप्पट केले की तारेची लांबी आणि तिच्याबरोबर रोधही दुप्पट होतो, प्रवाह निम्म्यावर येतो. वेढे आणि अँपिअर यांचा गुणाकार, ज्यावर ओढ अवलंबून असते, तो जागच्या जागी राहतो. मात्र उष्णता निम्मी होते, आणि हा लाभ लहान नव्हे. ओढच वाढवायची तर तार जाड घ्यावी लागते आणि वजन व तापणे सोसावे लागते. दट्ट्यापुढील फटही तितकीच महत्त्वाची : ती निम्मी झाली तर ओढ साधारणपणे चौपट होते. म्हणूनच दट्ट्या हलवताना भरपूर प्रवाह लागतो. एकदा तो गाभ्याला भिडला की थोडक्यात भागते.

अवकाशात उष्णता वाहून नेणारी हवा नसते आणि दुरुस्तीला सहसा कोणी जाऊ शकत नाही. अशा ठिकाणी झडपेला मुख्य वेटोळ्याच्या जोडीला एक राखीव वेटोळेही देतात.

मंगळयानाच्या ४४० न्यूटन क्षमतेच्या द्रवइंधन इंजिनाला जाणारा प्रवाह अशाच झडपेच्या ताब्यात होता. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी यान श्रीहरिकोट्याहून निघाले, आणि बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावली जाऊ लागली. ११ नोव्हेंबरच्या चौथ्या टप्प्यात राखीव व्यवस्थांचीही परीक्षा घ्यायची होती. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही वेटोळ्यांत एकाच वेळी वीज सोडली गेली, आणि इंजिनाकडे जाणारा इंधनप्रवाह थांबला. जोर कमी होताच, आधी योजल्याप्रमाणे, यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिने पुढे सरसावली. पण त्यांचा जोर तो किती! सेकंदाला १३० मीटर वेगवाढ हवी होती, मिळाली ३५. कक्षेचे दूरचे टोक एक लाख किलोमीटरवर जायचे, ते ७८,२७६ किलोमीटरवरच राहिले.

झडप निकामी झाली नव्हती. दोन्ही वेटोळी एकत्र चालवता येणार नाहीत, परंतु एकामागून एक स्वतंत्रपणे वापरता येतील, असे इस्रोने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, पुन्हा इंजिन चालवून ते टोक १,१८,६४२ किलोमीटरपर्यंत नेण्यात आले.

१ डिसेंबरला यान पृथ्वी सोडून निघाले आणि इंजिन सुमारे तीनशे दिवस निद्रिस्त राहिले. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते जेमतेम ४ सेकंद चालवून पाहिले गेले. झडप उघडली आणि मिटली. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरच्या सकाळी, ती सुमारे २३ मिनिटे उघडी राहिली आणि यान मंगळाच्या कक्षेत शिरले.