नरक्याचा रेणू, दुहेरी कोंडी

भोकरदनच्या बाजारातला सुती दोर घ्या, त्याचे पदर ओढून वेगळे करा. पुढचा पीळ आणखी घट्ट होतो. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होताना हेच घडते. तेव्हा एक एन्झाइम धागा कापून पीळ सैल करते आणि पुन्हा जोडते. सह्याद्रीतल्या दुर्गंधी नरक्याच्या झाडात सापडणारे कॅम्पटोथेसिन हे जोडकामच अडवते. तुटक्या धाग्यांनिशी पेशी मरते. त्याच रेणूवरून घडवलेले इरिनोटेकॅन स्वादुपिंडाच्या कर्करोगात सहसा एकटे देत नाहीत. जोडीचे फ्लुरोयुरासिल डीएनएच्या कच्च्या मालाचा पुरवठाच तोडते. २०११ च्या फ्रेंच चाचणीत अशा चार औषधांच्या मिश्रणाने पसरलेल्या आजारातले मध्यक आयुर्मान सुमारे ७ वरून ११ महिन्यांवर नेले. चार महिने! घरी मात्र नरक्याचा काढा मुळीच करू नका, तो विषारी आहे.