दगडावरचे शेवाळ आणि तणनाशक

बिंदुसरेत किंवा सिंदफणेत उतरले की दगडावरून पाय घसरतो. त्या बुळबुळीत थराला आपण नावे ठेवतो. पण नदीचे पाणी स्वच्छ राखण्याचे मोठे काम तोच करतो. त्यात सूक्ष्म शेवाळे, जिवाणू व बुरशी एकत्र नांदतात. शेवाळे उन्हात प्राणवायू सोडतात आणि त्याच्या बळावर जिवाणू सडका पाला, शेण व सांडपाणी पचवतात.

आता तणनाशकाचे पाहा. मक्यात व उसात वापरले जाणारे ॲट्राझीन तणाची सूर्यप्रकाशात अन्न बनवण्याची क्रिया बंद पाडते. ते ओढ्यात उतरले की तण आणि शेवाळ असा भेद करीत नाही. ग्लायफोसेटची तऱ्हा निराळी. वनस्पती प्रथिनांसाठी लागणारी काही अमिनो आम्ले ज्या क्रियेने तयार करतात, तीच ते अडवते. ही क्रिया माणसात नसते, म्हणून ‘माणसाला काही होत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. मात्र अनेक जिवाणूंत व बुरशीत ती असते!

सगळेच सूक्ष्मजीव मरतात असे नाही. काही जिवाणू तर ॲट्राझीनवरच जगतात. पण कोण वाढणार आणि कोण मागे पडणार, याचा तोल ढळतो. अर्जेंटिनात मातीच्या कृत्रिम तळ्यांत ग्लायफोसेटचे औषध टाकून केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अतिसूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ सुमारे ४० पट वाढले. या शेवाळांच्या काही जाती यकृताला घातक विष बनवतात आणि ते पाणी उकळूनही जात नाही.

आपल्याकडे धोका अधिक, कारण पाणी कमी. खरिपाची फवारणी झाली, एक मोठी सर आली आणि मग पावसाने खंड दिला, की शेतातून वाहून आलेले औषध ओढ्याच्या डोहातच थांबते. तेथेच जनावरे पाणी पितात, कपडे धुतले जातात.

तुरटीने गाळ बसतो, ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात. ॲट्राझीन मात्र या दोहोंनी जात नाही. तेव्हा ते पाण्यात जाऊ न देणे हाच सोपा उपाय. खुरपणीला बाया मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. फवारणी करू नका असे कोण म्हणेल? पण आभाळ भरून आले असेल तर ती पुढे ढकलावी. ओढ्याकाठचे गवत जाळू नये, ते वाहते औषध अडवते. आणि पाठीवरचा पंप ओढ्यात कधीही बुचकळू नये. तो शेतातच धुवावा व ते पाणी फवारलेल्या वावरातच मारून टाकावे.