नळ्या बारा, माणसे पस्तीस

मानवी जनुकसंच म्हणजे सुमारे 3 अब्ज रासायनिक अक्षरांचा मजकूर. आजचे यंत्र एका फेरीत अनेकांचे डीएनए वाचू शकते, कारण प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना आधीच ‘बारकोड’ ही छोटी ओळखखूण जोडलेली असते. मात्र हजारो नमुन्यांना वेगवेगळे बारकोड जोडण्याचाच खर्च भारी पडतो. त्यावर यानिव एर्लिख आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘डीएनए सुडोकू’ ही पद्धत मांडली. 35 जणांना 0 ते 34 क्रमांक देऊन, क्रमांकाला 5 ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीनुसार 5 नळ्यांत आणि 7 ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीनुसार आणखी 7 नळ्यांत नमुने मिसळले, तर नळीमागे एक असे 12 बारकोड पुरतात. जनुकीय बदल पहिल्या गटात बाकी 3 च्या आणि दुसऱ्या गटात बाकी 2 च्या नळीत दिसला, की तो 23 क्रमांकाचाच. वाहक दोन निघाले तर संशयित चारपर्यंत जातात, म्हणून बदल विरळ असेल तरच हे गणित परवडते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांची 2020 मधील ‘टॅपेस्ट्री’ ही कोविड चाचणीपद्धत याच जातीची, जरी तिच्यात डीएनए-वाचन नव्हते.

खानदेशात, सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक विरळ नाहीत, त्यामुळे तेथे अशी सरमिसळ कामाची नाही. शिवाय या आजारात बीटा ग्लोबिन जनुकातील एकच ठरावीक अक्षर बदललेले असल्याने रक्ताची स्वस्त विद्राव्यता चाचणी आणि नंतरचे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युत्प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणे, बहुधा पुरते. बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकारात मात्र याच जनुकातील बदल अनेक प्रकारचे असतात, आणि डीएनए-वाचनाची खरी गरज तेथे भासते.