पेटीच्या पोटातला आधार

१९८० साली जपानच्या नामको कंपनीने ‘पॅक-मॅन’ हा खेळ काढला. अमेरिकेत मिडवे कंपनीने तो उभ्या लाकडी पेट्यांत बसवून विकला. मुंबईतही पुढे व्हिडिओ गेम पार्लर निघाली आणि अशाच पेट्यांसमोर आमच्या कित्येक वाचकांनी लहानपणी खाऊचे पैसे घालवले असतील!

त्या अमेरिकन पेट्यांनी आज चाळिशी ओलांडली आहे. जुन्या वस्तूंची आवड असणारे लोक त्या घरी आणून दुरुस्त करतात. बाहेरचा रंग सर्वांना दिसतो. परंतु पेटी उभी राहते ती आतल्या कोपऱ्यांत डिंक व पिना मारून बसवलेल्या लाकडी पट्ट्यांवर. १९ इंची काचेच्या पडद्याचा सुमारे २० किलोंचा भार या आधारांवरच असतो. पेटी वारंवार ओढली, तिरकी केली, ओल्या फरशीवर ठेवली की डिंक सुटतो, पट्टीला चीर जाते. मग एक दिवस पडदा खाली येतो आणि नेमका तेव्हा कुणाचा तरी हात आत असतो.

म्हणून प्रथम जिवाची काळजी. वायर काढली तरी काचेच्या नळीत हजारो व्होल्टचा दाब साठून राहू शकतो. तो उतरवून पडदा बाहेर काढण्याचे काम जाणत्या टीव्ही मेकॅनिककडूनच करून घ्यावे. यात पैसे वाचवू नयेत.

पडदा निघाल्यावर प्रत्येक पट्टीची जागा पेन्सिलीने आखून घ्या. चीर लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेली असेल तर पट्टी वाचते. चीर हलकेच फाकवून आतपर्यंत पांढरा डिंक भरा, शिकंजात आवळा, बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. पट्टी आडवी मोडली असेल तर मात्र डिंकावर विसंबू नये. पटाशीने ती सोडवा, जुना डिंक कोऱ्या लाकडापर्यंत खरवडा आणि जुन्या पट्टीच्या मापाने सुक्या, टणक लाकडाची नवी पट्टी कापा. जुना डिंक राहिला तर नवा धरत नाही.

बसवण्यापूर्वी पेटी गुण्यात आहे का ते पाहा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन्ही तिरपी मापे सारखी भरली पाहिजेत. मग डिंक लावून स्क्रू मारा. स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडायचे, हे आम्ही एकदा घाईत विसरलो आणि नवी कोरी पट्टी डोळ्यांदेखत उभी फाटली! भुशाची फळी पाणी पिऊन फुगली असेल तर त्यात स्क्रू धरत नाही. तेवढा भाग कापून प्लायवुड जोडावे.

हे काम झाले की पेटीचे दार बंद होते आणि आपली मेहनत कुणालाच दिसत नाही. तरीही ती चोख करावी. घरातील मुलामुलींना जवळ बसवून गुण्या धरायला शिकवा. पेटी दुसऱ्याची असेल, पण शिकलेला हात त्यांचा स्वतःचा राहील.