न दिसणारे नावाडी

नंदुरबार जिल्ह्यातील कोणत्याही गावी सायंकाळी जावे, मग ते तापीकाठचे गाव असो की सातपुड्यातील एखादा पाडा असो, रानातून परतलेली गुरे गोठ्यात शांतपणे रवंथ करताना दिसतात. त्या गुरांच्या पोटात मात्र मुळीच शांतता नसते. खाल्लेला चारा आंबवणारे असंख्य सूक्ष्मजीव तेथे अहोरात्र राबत असतात. त्यांच्यात एक निराळे कुळ आहे. ते हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू घेते आणि त्यांपासून मिथेन वायू तयार करते. गोबरगॅसच्या शेगडीवर निळ्या ज्योतीने जळतो तो हाच वायू. या कुळाचे नाव आर्किया.

मुलांनो, आर्किया हे एकपेशीय जीव होत. सूक्ष्मदर्शकातून ते जीवाणूंसारखेच दिसतात. म्हणून दीर्घकाळ त्यांची गणना जीवाणूंतच होत असे. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी पेशींतील सूक्ष्म घटकांची तुलना करून दाखवून दिले की, हे कुळ जीवाणूंपासून फार प्राचीन काळीच वेगळे झालेले आहे.

या कुळातील कित्येक जीव अशा ठिकाणी राहतात, जेथे इतरांचा टिकाव लागणे कठीण. कोणी उकळत्या झऱ्यात, तर कोणी मिठाने दाटलेल्या पाण्यात. आपल्या महाराष्ट्रातच याचे उत्तम उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्यात उल्कापाताने बनलेले लोणार सरोवर आहे. त्याचे पाणी खारे व क्षारयुक्त असते. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोक चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली. पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे मीठप्रिय आर्किया फोफावले होते आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने सरोवर रंगले होते, असे आढळून आले.

अशा पाण्यात राहावयाचे तर अंगावर मजबूत आवरण हवे. पुष्कळ आर्कियांचे आवरण प्रथिनांच्या एकसारख्या तुकड्यांचे असते. घरावर कौले शिस्तीने बसवावीत, तसे ते तुकडे एकमेकांना लागून बसतात. हॅलोबॅक्टेरियम नावाच्या मीठप्रिय आर्कियाचे आवरण तर मिठाच्या आधारानेच टिकते. त्याला गोड्या पाण्यात टाकले, तर आवरण विस्कटते आणि पेशी फुटून जाते. आपणांस जे पाणी हितकारक, तेच त्याला प्राणघातक!

नुसत्या आवरणाने मात्र भागत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशीला इजा करतात. अन्नही सर्वत्र सारखे नसते. म्हणून योग्य जागी जाता आले पाहिजे. हॅलोबॅक्टेरियमला डोळे नाहीत, तरी त्याच्या पेशीतील खास प्रथिने प्रकाश ओळखतात. नारिंगी प्रकाशाकडे ते जाते, निळ्या व अतिनील प्रकाशापासून दूर पळते. हा प्रवास ते एका नागमोडी, धाग्यासारख्या शेपटीच्या साहाय्याने करते. शेपटी एका दिशेने फिरली की पेशी पुढे जाते, उलट दिशेने फिरली की मागे येते. नाव न वळवता मागे आणणाऱ्या कुशल नावाड्यासारखेच हे कौशल्य होय.

जीवाणूंनाही अशी फिरणारी शेपटी असते. तिला कशाभिका म्हणतात. दोन्ही शेपट्या एकाच प्रकारच्या असाव्यात, असा पूर्वी समज होता. त्यांची घडण तपासली, तेव्हा तो चुकीचा ठरला. जीवाणूची कशाभिका पोकळ असते. नवी प्रथिने त्या पोकळीतून वर चढतात आणि टोकाशी बसतात. गवंड्याने धुराड्याच्या आतून विटा वर नेऊन माथ्यावर रचाव्यात, तसा हा प्रकार आहे. आर्कियाची शेपटी अधिक बारीक असते आणि तिच्यात अशी पोकळ वाट नसते. तिचे नवे तुकडे बुडाशी जोडले जातात व जुने पुढे ढकलले जातात. आपले केस मुळापासून वाढतात, तशीच ही वाढ. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला एक लहानशी खूणचिठ्ठी असते. तो जागेवर बसण्यापूर्वी एक प्रथिन ती चिठ्ठी कापून टाकते.

शेपटी फिरविण्याची शक्तीही निराळी आहे. जीवाणूची कशाभिका विद्युतभारित कणांच्या प्रवाहाने फिरते, जशी वाहत्या पाण्याने पाणचक्की फिरावी. आर्कियाची शेपटी मात्र एटीपी नावाचे इंधन खर्चून फिरते. घाण्याचा बैल चारा खाऊन घाणा फिरवितो, तसेच हे म्हणावयाचे. हे भेद ध्यानात घेऊन २०१२ साली केन जारेल व सोन्या-व्हेरेना आल्बर्स या शास्त्रज्ञांनी या शेपटीस ‘आर्केलम’ हे स्वतंत्र नाव सुचविले.

याच कारागिरीने आर्किया आणखी एक वस्तू घडवितात. ती म्हणजे न फिरणारे बारीक तंतू. त्यांच्या आधारे ते दगडाला किंवा एकमेकांना चिकटून राहतात. उष्ण व आम्लयुक्त झऱ्यांत राहणाऱ्या सल्फोलोबस या आर्कियांना अतिनील किरणांनी इजा झाली, की ते असे तंतू काढून एकत्र येतात आणि आपसांत डीएनएची देवघेव करतात. त्यामुळे बिघडलेला डीएनए दुरुस्त होण्यास मदत होते. संकटात एकमेकांस हात देण्याचा हा प्रकार मोठा नवलाचा नाही काय?

जीवाणू आणि आर्किया या दोघांनाही पाण्यात पुढे जावयाचे होते. दोघांनीही फिरणारी शेपटी हाच उपाय साधला. परंतु तो आपापल्या वाटेने. वरून सारखे दिसते, ते आतूनही सारखेच असते असे नाही. आत काय आहे, ते कसे बनले आणि कशाने चालते, हे ज्यांनी चिकाटीने पाहिले, त्यांनाच हा भेद उमगला. सृष्टीतील कोणत्याही वस्तूकडे पाहताना हेच तीन प्रश्न आपणही विचारीत जावे.