फोनची भीती भलत्याच जागी

साठीनंतर पहिला स्मार्टफोन हातात आलेल्या माणसांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ज्याला घाबरायचं काही कारण नाही त्याला ही मंडळी घाबरतात, आणि जिथे सावध राहायला हवं तिथे डोळे मिटून विश्वास ठेवतात. दोष त्यांचा नाही. मुलं फोन घेऊन देतात, व्हॉट्सॲप सुरू करून देतात, 'इथे दाबायचं, मग तिथे' असं घाईघाईत सांगून कामाला निघून जातात. उरलेलं शिक्षण होतं ते कट्ट्यावरच्या ऐकीव माहितीवर.

सगळ्यात पहिली भीती म्हणजे भलतंच काही दाबलं गेलं तर फोन बिघडेल. स्क्रीनवरचं चुकीचं बटण दाबल्याने फोन मोडत नाही. सगळं पुसून तो कोरा करायचा असेल तर तो आधी विचारतो आणि सहसा लॉकचा पिनही मागतो. गूगल फोटोजमधून चुकून डिलीट झालेला नातवाचा फोटो तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, बॅकअप घेतलेला असेल तर ६० दिवस, आणि तिथून परत आणता येतो. व्हॉट्सॲपवरच्या गप्पांचं मात्र तसं नाही. बॅकअप नसेल तर पुसलेलं गेलंच. एवढं सांभाळून बाकी सगळीकडे खुशाल बोट फिरवावं, कारण फोन हाताळूनच येतो.

'आम्हाला इंग्रजी कुठे येतं?' हे ऐकलं की वाईट वाटतं, कारण उत्तर त्याच फोनच्या सेटिंगमध्ये असतं. भाषा मराठी निवडली की बहुतेक मेन्यू मराठीत दिसू लागतात. गूगलचं बोलून टाइप करणं २०१७ पासून मराठीत चालतं. कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवायचं आणि बोलायचं, जोडाक्षरं शोधत बसायला नको. एखादा शब्द चुकतो, तो दुरुस्त करावा लागतो, इतकंच.

आता पैशांकडे येऊ. अनोळखी नंबरचा फोन नुसता उचलला तरी खातं रिकामं होतं, अशी समजूत घराघरांत आहे. त्यापायी कित्येक जण कुरिअरवाल्याचा किंवा दवाखान्याचा फोनही घेत नाहीत. नुसता फोन उचलल्याने पैसे जात नाहीत. चोराला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं: ओटीपी, यूपीआयचा पिन, तुमच्या फोनची स्क्रीन पाहण्याची परवानगी, किंवा तुमच्या हातून उघडली जाणारी एखादी फाइल. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. एकदा ते फोनमध्ये बसलं आणि मागेल त्या परवानग्या त्याला मिळाल्या की तुमचे मेसेज परक्याला दिसू लागतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी ती उघडू नये, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोनही आधीच फसलेला असू शकतो.

यूपीआयबद्दलचा गैरसमज याहून महागात पडतो. २०१६ मध्ये ही सोय आली आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत पोहोचली, पण तिचा साधा नियम कोणी नीट समजावून सांगितला नाही. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना, शिल्लक पाहताना किंवा ऑटोपेसारख्या गोष्टीला मंजुरी देताना. तुम्ही जुनं कपाट विकायला काढलंत आणि घेणारा म्हणाला, 'काका, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील', तर तो खोटं बोलतो आहे. त्याचा आवाज कितीही अदबशीर असो.

खोट्या अटकेत तर शिकलेली, निवृत्त अधिकारी असलेली माणसंही अडकतात, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसांचा गणवेश, मागे ठाण्याचा देखावा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत किंवा तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला गेला आहे, असं सांगतात. मग तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, आणि तपासणीपुरते पैसे 'सरकारी' खात्यात ठेवायचे.

भारताच्या कुठल्याही कायद्यात अशी अटक नाही. कायदा काय म्हणतो ते पाहिलं की हा बनाव उघडा पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, कोणालाही अटक केली तर त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला ती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. खरा पोलीस घरच्यांना कळवतो, भामटा घरच्यांपासून लपवायला लावतो. 'कोणाला सांगू नका' हे शब्द कानावर पडले की फोन ठेवून द्यावा आणि घरातल्या माणसाला हाक मारावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली. बनावट न्यायालयीन आदेश दाखवून लोकांना लुबाडण्यापर्यंत भामट्यांची मजल गेली होती.

पैसा गेला तर निदान कमावता येतो. 'मी फक्त पुढे पाठवलं, त्यात माझं काय?' हा समज मात्र माणसाच्या जिवावर उठू शकतो, आणि महाराष्ट्राने ते पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. त्या सुमारास देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या त्या जनजागृतीच्या फिल्ममध्ये शेवटी मोटरसायकलवाला उचललेलं मूल परत आणून सोडतो. तेवढाच शेवट कोणीतरी कापला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. खूप हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर आता दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तो बाण मेसेज खोटा आहे असं म्हणत नाही. हे तुमच्या भाचीने लिहिलेलं नाही, तिच्याकडेही ते कुठून तरी आलंय, एवढंच तो सांगतो. मेसेज विश्वासातल्या माणसाने पाठवला म्हणून मजकूर विश्वासाचा होत नाही. ज्यात जातीचा, धर्माचा किंवा 'आपल्या गावात शिरलेल्या' कोणाचा उल्लेख आहे, असा मेसेज खात्री न करता पुढे ढकलणं मला अक्षम्य वाटतं.

तीन निळ्या टिका दिसल्या की सरकारने मेसेज वाचला, हा मेसेजही असाच फिरत असतो. व्हॉट्सॲपवर तीन टिका नसतातच. २०१६ पासून तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरता कुलूपबंद असतो. पण घेणारा स्क्रीनशॉट काढून तो गावभर करू शकतो, ते कोणतंही कुलूप थांबवत नाही. वेबसाइटच्या पत्त्याशेजारचं कुलूपही असंच फसवं. तुमची आणि साइटची देवाणघेवाण मधल्या कोणाला वाचता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. साइट चोराची असली तरी कुलूप दिसतं. लोक ते प्रामाणिकपणाचं चिन्ह समजतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते काढलं.

राहिला शेवटचा समज: पैसे गेले ते गेले, तक्रार करून काय होणार? पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवले जातात. वाटेत ते गोठवता यावेत यासाठीच १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. सगळे परत मिळतीलच असं नाही, पण जितक्या लवकर फोन तितकी आशा जास्त. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवावं, बँकेलाही लगेच कळवावं. इथेच बहुतेकांचे मोलाचे तास वाया जातात, कारण मुलगा रागावेल, सून काय म्हणेल या धास्तीने आजी-आजोबा दोन दिवस गप्प बसतात. घरच्यांनी 'तुम्हाला एवढंही कळलं नाही?' हे त्या दिवशी तोंडातून काढू नये. आधी १९३० लावून द्यावा.